स्टुलावरचे मानकरी

दातांच्या दवाखान्यात बसायच्या जागा दोन: एक खुर्ची आणि एक स्टूल.

खुर्ची पेशंटची. तिला मान टेकायला उशी, कोपर ठेवायला हात, पाय पसरायला लांबलचक गादी. बटण दाबलं की ती वर जाते, खाली येते, मागे कलते. डोक्यावर दिवा, डाव्या हाताला चूळ टाकायचं बेसिन, त्याच्या काठावर आपोआप भरणारा पेला. हल्ली समोरच्या भिंतीवर टीव्हीही लावतात, म्हणजे इकडे दाढ कोरली जात असताना तिकडे मालिकेतल्या सासूने काय डाव टाकला ते चुकत नाही. या खुर्चीसाठी बँकेचं कर्ज काढतात आणि दवाखान्याच्या उद्घाटनाला तिला हार घालतात. स्टूल डॉक्टरांचं. ते खुर्चीबरोबर येतं. त्याला चाकं असतात, खाली-वर करायचा एक दांडा असतो, आणि पाठ असलीच तर ती डॉक्टरांच्या पाठीपर्यंत पोचत नाही.

पेशंट त्या खुर्चीत वर्षाकाठी दोन-चार तास बसणार, तेही दुखणं अगदी सोसवेना झालं तर. डॉक्टर त्या स्टुलावर रोज सकाळ-संध्याकाळ बसणार, निवृत्त होईपर्यंत. गादी कुणाच्या खाली हवी आणि चाकं कुणाच्या, हा हिशेब ज्याने कुणी मांडला तो नक्की पेशंट असावा.

माझी या विषयातली लायकी एवढीच की मी आयुष्याचा बराच भाग त्या खुर्चीत काढला आहे. वाईट दात हे आमच्या माहेरचं स्त्रीधन. आजीकडून आईला, आईकडून आम्हा दोघी बहिणींना. त्यामुळे बहिणीची मुलगी बीडीएसला गेली तेव्हा पेढे बहिणीने वाटले, पण खरा आनंद मला झाला. आता तिचा डोंबिवलीत दवाखाना आहे. पहिल्या मजल्यावरचा वन बीएचके. हॉलमध्ये पेशंट, बेडरूममध्ये खुर्ची, स्वयंपाकघरात अवजारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह आणि गॅलरीत कॉम्प्रेसर, ज्याच्या आवाजाबद्दल सोसायटीच्या मीटिंगमध्ये दरवर्षी कुणीतरी उठून बोलतं. मी घरची माणूस, म्हणून मला वेळ मिळते ती सगळे पेशंट संपल्यावरची, रात्री साडेनऊची. डॉक्टरचं खरं रूप त्या वेळी दिसतं. मास्क हनुवटीखाली, चपला काढलेल्या, आणि डाव्या हाताने उजवा खांदा चेपणं चाललेलं. मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, दोन्हीकडे कट्ट. वय पस्तीस.

"मावशी, आमच्या बॅचचा ग्रुप आहे ना, त्यावर आधी केसेसवर चर्चा व्हायची," ती म्हणाली. "आता कुणी कुठली उशी घेतली, कुणाचा पट्टा चांगला, हेच. एकाने तर प्रॅक्टिस सोडून नोकरी धरली. म्हणे तिथे खुर्चीला पाठ आहे."

यात अतिशयोक्ती फारशी नाही. दंतवैद्यांच्या अंगदुखीच्या जगभर झालेल्या पाहण्या एकत्र करून २००९ साली एक आढावा छापून आला. त्यात दुखणं असलेल्यांचं प्रमाण पाहणीगणिक ६४ टक्क्यांपासून ९३ टक्क्यांपर्यंत निघालं. डॉक्टरांची मान आणि पाठ, आणि नुसतं दात साफ करायचं काम करणाऱ्या हायजिनिस्टांचा हात आणि मनगट, अशी दुखण्यांची वाटणी. आपल्याकडे दात साफ करायला वेगळं माणूस ठेवायची पद्धत कमी. ते कामही बहुतेक ठिकाणी डॉक्टरच करतात, म्हणजे दोन्ही वाटे एकाच घरात. थोडक्यात, दहा दंतवैद्य एका लग्नात जमले तर त्यांतल्या सहा-नऊ जणांना पंगतीत वाढायला वाकता येणार नाही. त्याच लग्नात "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, तुमचं बरं भरतं हो!" हा विनोद त्यांना निदान तीन वेळा ऐकावा लागतो. ते दुखणं आकडेवारीत धरलेलं नाही.

लोकांचा समज असा की दात उपटायला ताकद लागते, म्हणून यांचे हात भरून येत असतील. मलाही तेच वाटायचं. भाचीचं म्हणणं उलटं. दात काढणं ही तिची दिवसभरातली हालचाल. त्यासाठी ती उठून उभी राहते, पाय रोवते, खांदा हलवते, दात निघाला की कापूस दाबून "तासभर थुंकायचं नाही" असं बजावते आणि मोकळी होते. अंग धरतं ते ज्यात काहीच हलत नाही अशा कामाने. एका दाढेत कीड कोरायची म्हणजे अर्धा-पाऊण तास बोटांची टोकं तेवढी हलणार, तीही मिलिमीटरच्या हिशेबात. आणि ती बोटं तशी हलावीत म्हणून बाकीचं सगळं शरीर, मनगट, कोपर, खांदा, मान, कंबर, एका जागी गच्च धरून ठेवायचं. स्नायू आवळला, सैल सोडला, पुन्हा आवळला, असं चालू राहिलं तर त्यात रक्त खेळतं. तो नुसताच आवळून धरला तर रक्त नीट फिरत नाही, थकव्याचा कचरा वाहून जात नाही, आणि संध्याकाळी खांद्यावर गाठ हाताला लागते. हमाल पोतं टाकल्यावर पाठ सरळ करतो. हिने काही उचललेलंच नसतं, मग टाकणार काय?

स्वीडनमधल्या योरान हेग या संशोधकाने १९९१ साली या प्रकाराबद्दल एक गृहीतक मांडलं. स्नायूतले सगळे तंतू एकदम कामाला लागत नाहीत. हलकं काम आलं की सर्वांत लहान तंतू आधी उठतात, आणि काम पुरतं थांबेपर्यंत त्यांना सुट्टी नाही. मोठे तंतू जोराच्या कामापुरते येतात आणि जातात. काम जितकं हलकं आणि लांबलचक, तितके हे छोटेच बिचारे राबत राहतात आणि शेवटी तेच दुखावतात. हेगने त्यांना सिंड्रेलाची उपमा दिली. आमच्या आजोळी हे पद थोरल्या मामीकडे होतं. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळे निजल्यावर पाठ टेकायची, आणि घरात कितीही माणसं रिकामी बसलेली असोत, पहिली हाक तिलाच. मामीचे गुडघे गेले तेव्हा सगळे म्हणाले, "असं काय मोठं ओझं उचलायची ती?"

आता हे काम जवळून बघण्याची माझी जागा मोक्याची, म्हणजे बरोबर खाली. परवा माझ्या वरच्या पहिल्या दाढेचं रूट कॅनॉल झालं. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या बऱ्याचदा चार. चौथी नळी अरुंद असते आणि दडून बसते. ती शोधल्याशिवाय सोडली तर दाढ पुन्हा ठणकणार, म्हणून शोधायची. तिथे पोचायचं तर आधी गाल बाजूला, मग जीभ, मग दाढेच्या डोक्याला पाडलेलं भोक, त्याच्या तळाशी सुईच्या टोकाएवढी खूण. या शोधमोहिमेत मला वर दिसत होतं ते असं: दिव्याचा गोल, त्याच्या अलीकडे चष्मा, आणि हळूहळू आडवं होत चाललेलं तिचं डोकं. आधी मान पुढे आली. मग उजवीकडे कलली. मग कमरेत एक पीळ पडला. उजवं कोपर खांद्याच्या पातळीला येऊन तिथेच अधांतरी राहिलं. शेवटी तिचा कान तिच्याच खांद्याला टेकला, माझ्या तोंडाच्या आत कुठेतरी फाईल सरकल्यासारखी वाटली, आणि मास्कच्या आतून आवाज आला, "सापडली!" मला आनंद झालेला दाखवता येत नव्हता. ती तशीच, त्याच कोनात, पुढची वीस मिनिटं.

केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या कण्याच्या सर्जनने २०१४ साली संगणकावर मानेचा हिशेब करून बघितला होता. त्याच्या डोळ्यांपुढे मोबाइलवाले होते, पण आकडे कुणालाही लागू. मान सरळ असली तर डोक्याचा भार साडेचार-पाच किलो. ३० अंश पुढे झुकली की तोच भार १८ किलोंच्या आसपास, ६० अंशांना २७. माझ्या चौथ्या नळीपायी तिने किती किलो तोलले असतील याचा अंदाज मी घेत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मावशी, भुवया उंचावू नकोस, तोंड मिटतं."

पुस्तकात असं वाकायला सांगितलेलं नाही. वरच्या दाढा आरशात बघून करायच्या. तो दोनेक सेंटिमीटरचा गोल आरसा त्यासाठीच तर असतो. पाठ ताठ, मान सरळ, आणि आरशात उलटं दिसणारं चित्र बघत हात सुलटे चालवायचे. पेशंटचं डोकं म्हणजे घड्याळ धरलं आणि शेंडीला बारा, तर उजव्या हाताच्या डॉक्टरने नऊ ते बाराच्या दरम्यान कुठेही बसावं, आणि दाढ बदलली की स्टूल सरकवावं. स्टुलाला चाकं त्यासाठी. भाचीच्या बेडरूमच्या दवाखान्यात बाराच्या जागी कपाट आहे. अकरापर्यंत जाता येतं, तेही पोट आत घेऊन.

आणि आरसा? दात कोरायचा एअरोटर चालू झाला की टोकावर पाण्याचा फवारा उडतो, नाहीतर दात तापेल. तो फवारा पहिला आरशावर. मग आरशात धुकं. ते हटवायला असिस्टंटने आरशावर हवा मारत राहायचं. चार हातांनी करायचं काम, असंच त्याला पुस्तकात म्हटलंय. दोन डॉक्टरचे, दोन असिस्टंटचे. भाचीकडे तीन हात असतात. असिस्टंटच्या एका हातात थुंकी ओढायची नळी, दुसऱ्या हातात फोन: "हॅलो, डॉक्टर कामात आहेत, हो हो, मॅडमच आहेत, कवळी दुरुस्त होते, हो." धुकं जात नाही. मग डॉक्टर आरसा खाली ठेवते आणि मानच आत घालून बघते. एकदा, दोनदा, मग त्याचीच सवय. मागच्या ट्रेमधला कापूस हवा असला तर असिस्टंटचा फोन संपायची वाट न बघता कमरेतून वळून स्वतःच घेते. असं वळणं दिवसात किती वेळा होतं ते कुणी मोजत नाही. कंबर मोजत असावी.

कॉलेजात हे सगळं नीट शिकवलेलं असतं, पण ज्याच्यावर शिकवतात तो पेशंट म्हणजे फँटम हेड, धातू-रबराचं मुंडकं. त्याला जीभ नाही. लाळ नाही. तोंड उघडं ठेवलं की उघडंच राहतं, आणि मान हवी तशी फिरवून स्क्रू आवळता येतो. त्याच्यावर हात बसलेली मुलं मग खऱ्या माणसांपुढे येतात आणि त्यांना कळतं की मनुष्यप्राण्याच्या मानेला स्क्रू नाही.

म्हणजे पुन्हा आपणच, पेशंट. आमच्या जमातीच्या खोडी बघण्यासारख्या आहेत. वरची दाढ करायची तर खुर्ची पार आडवी लागते, हनुवटी छताकडे. पण खुर्ची जरा मागे गेली की पन्नाशीपुढचा प्रत्येकजण म्हणतो, "डॉक्टर, चक्कर येते, थोडी वर घ्या." खुर्ची वर येते. तेवढी डॉक्टरची मान खाली जाते. "मान जरा माझ्याकडे करा," म्हटलं की आपण लगेच करतो आणि तीन मिनिटांत परत टीव्हीकडे. जीभ तर स्वतःच्या मर्जीने चालते. जिथे अवजार असेल तिथे ती चौकशीला हजर. शिवाय काही माणसांना तोंडात दोन हात असताना मुलाच्या ॲडमिशनबद्दल सविस्तर सांगायचं असतं.

पण खरी पंचाईत तोंडच न उघडण्याची. धडधाकट माणसाचं तोंड त्याच्या स्वतःच्या तीन बोटांइतकं उघडतं. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षं गालात धरला की आतली कातडी आखडत जाते, गाल पुठ्ठ्यासारखा होतो. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात त्याला, आणि आपल्या देशात तो मुबलक आहे. मग तीन बोटांची दोन होतात, दोनाचं दीड. महाराष्ट्र सरकारने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. ती कितपत लागू झाली ते पाहायला टपरीपर्यंत जायची गरज नाही, दंतवैद्याच्या मानेचा एक्स-रे पुरे. दीड बोटाच्या फटीतून शेवटच्या दाढेपर्यंत पोचणं ही तिच्या धंद्यातली सगळ्यांत महागडी कसरत, आणि फी मात्र तीच. गावाकडच्या बायकांचं मिश्रीचं आणखी वेगळं. दातांवर काळा थर चढलेला असतो, तो खरवडून काढताना अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्केलर घट्ट धरून एकेका दातावर ओढायचा, बत्तीस दात, चारी बाजूंनी.

ही चिमटी हा एक स्वतंत्र विषय आहे. मूठ आवळायला हाताला सोपं जातं. चिमटीत जोर लावायचा तर अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सगळा ताण. अवजार जितकं बारीक तितकी चिमटी जास्त घट्ट. प्रयोग करून बघितलेल्यांना असं आढळलं की स्केलरची मूठ १० मिलिमीटर जाडीची आणि वजन १५ ग्रॅमच्या आसपास असेल तर हाताला कमी श्रम पडतात. आणि टोकाला धार हवी. बोथट स्केलरला जास्त दाबावं लागतं. भाचीकडे कॉलेजातले बारीक दांड्यांचे स्केलर अजून आहेत, "चांगले चाललेत की" या घरगुती तत्त्वावर. हातमोजे घ्या. खोक्यातले स्वस्त मोजे डाव्या-उजव्या कुठल्याही हातात जातात, कारण त्यांचा अंगठा सपाट, तळव्याच्या रेषेत असतो. आपला अंगठा तसा नसतो. तो दिवसभर त्या रबराशी भांडून जागेवर येत राहतो. एअरोटरची नळी गुंडाळीची असली तर ती मनगटाला मागे ओढते, आणि अवजाराची थरथर बोटांत मुरत जाते ती वेगळीच. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते त्या दुखण्याला डी क्वेर्वां या स्विस सर्जनचं नाव आहे. त्याने ते १८९५ साली नोंदलं. आता ते तान्ही मुलं उचलणाऱ्या आयांना आणि मोबाइल चालवणाऱ्या बोटांनाही होतं, त्यामुळे दंतवैद्यांनी अंगठ्याबद्दल तक्रार केली तर घरचे आधी म्हणतात, "तो फोन ठेव बघू बाजूला."

एकेकाळी ही मंडळी उभ्याने काम करायची. त्याही आधीचं दृश्य फारच बहारीचं: पेशंट जमिनीवर बसलेला आणि त्याचं डोकं दात काढणाऱ्याच्या गुडघ्यांत दाबलेलं. पॅरिसच्या प्येर फोशारने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने या पद्धतीची चांगली कानउघाडणी केली. जमिनीवर बसवणं गैरसोयीचं, गलिच्छ आणि भीतिदायक आहे, पेशंटला मऊ पाठीची भक्कम आरामखुर्ची द्या, असं त्याचं सांगणं. अगदी रास्त. पण तेव्हापासून जे सुरू झालं ते झालं. खुर्ची पेशंटची, आणि तिच्याभोवती उभं कसं राहायचं ते ज्याचं त्याने बघावं. १८७१ साली अमेरिकेत जेम्स मॉरिसनने पायाने चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्याने पायटा मारायचा, आणि या अवस्थेत हाताने दुसऱ्याच्या दातात भोक पाडायचं. ते ज्यांनी केलं त्यांच्यापुढे हात जोडावेत, आणि ज्यांच्यावर केलं त्यांच्यापुढेही. मग वीज आली. १९५७ साली मिनिटाला तीन लाख फेरे घेणारा एअरोटर बाजारात आला, आणि पुढच्याच वर्षी पूर्ण कलणारी खुर्ची. पेशंट आडवा झाला आणि डॉक्टर पहिल्यांदा खाली बसला. पाय सुटले म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. दुखणं मात्र गेलं नाही, त्याने वर बिऱ्हाड केलं. उभा माणूस निदान भार या पायावरून त्या पायावर टाकतो. बसलेला एकदा बसला की बसला.

सगळ्यांनीच हे मुकाट्याने मान्य केलं असं नाही. डॅरिल बीच नावाचा एक अमेरिकन दंतवैद्य जपानात जाऊन राहिला, आणि त्याने प्रश्नच उलटा टाकला. डोळे मिटा, म्हणाला. ताठ बसा. आता दात कोरताना हात जिथे आपोआप, बिनत्रासाचे येतील तिथे आणा. आले? मग पेशंटचं तोंड तिथे आणून ठेवा, आणि बाकी सगळं, खुर्ची, दिवा, अवजारं, त्याच्याभोवती मांडा. त्याच्या विचाराने १९६४ साली मोरिता कंपनीने एक खुर्ची बाजारात आणली. खुर्ची कसली, जवळजवळ पलंगच.

मला ही कल्पना इतकी आवडली की मी भाचीला तिथल्या तिथे डोळे मिटायला लावले. तिने मिटले. पाठ ताठ केली, खांदे सोडले, कोपरं अंगाशी आली, आणि दोन्ही हात छातीच्या जरा खाली हवेत येऊन थांबले. अशी सुखात बसलेली ती मला दवाखान्यात कधी दिसली नव्हती. मग तिने डोळे उघडले, बटण दाबलं, आणि खुर्ची मला घेऊन मागे जाऊ लागली. गेली, गेली, पार आडवी झाली, मग वर चढली. माझे पाय डोक्याच्या पातळीला आले, चष्मा कपाळावर सरकला, आणि पंख्याच्या पात्यांवरची धूळ मला स्पष्ट दिसली.

"अगं, डोक्यात रक्त उतरतंय माझ्या," मी म्हटलं.

तिने काही न बोलता खुर्ची वर घेतली.

उपाय निघालेत, नाही असं नाही. चष्म्यावर बसवायच्या दुर्बिणी असतात, लूप्स. त्यांतून दात मोठा दिसतो आणि डोळे खाली रोखता येतात, मान ताठ राहते; फक्त त्यांचा कोन नीट मापून घ्यायला हवा, नाहीतर मोठा दिसणारा दात बघायला माणूस आणखी वाकतो. घोड्याच्या खोगिरासारखं स्टूल मिळतं, त्यावर मांड्या खाली उतरतात आणि कण्याचा बाक शाबूत राहतो. अधूनमधून उठावं, हात वर ताणावेत, मान मागे टाकावी, हा सगळ्यांत स्वस्त उपाय, आणि नेमका तोच करणं जड जातं. कारण पेशंट बघत असतो. एअरोटर ठेवून डॉक्टर उठला, दोन्ही हात आकाशाकडे नेले आणि डोळे मिटले, तर खुर्चीतल्या माणसाने काय समजावं?

भाचीने एकदा कमरेत चमक आली म्हणून नुसतं "आई गं" म्हटलं होतं. पेशंट एका खासगी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि तोंडातला कापूस गिळला. "काय झालं? नस तुटली का?" तिने पंधरा मिनिटं समजूत घातली. तेव्हापासून ती आतल्या आत कण्हते. बाकीच्या कुठल्याही धंद्यात माणूस काम करताना "हुश्श" म्हणू शकतो, शिवी हासडू शकतो, निदान सुस्कारा तरी टाकू शकतो. इथे मास्कच्या आतला सुस्कारासुद्धा पेशंट आपल्या दाताचा निकाल म्हणून ऐकतो.

शेवटी ती हाडांच्या डॉक्टरकडे गेली. मी बरोबर होते. त्यांनी तपासायच्या आधी विचारलं, "काय करता?" ती म्हणाली, "डेंटिस्ट." त्यांनी पेन उचललं आणि लिहायला सुरुवात केली. आजाऱ्याला त्याचा धंदा विचारावा, असं बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली, कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिताना सांगून ठेवलं होतं. त्याने एका जागी बसून लिहिणाऱ्या कारकुनांवरही लिहिलंय. धंदा विचारल्यावर नाडी बघावी की नाही याबद्दल तो काय म्हणतो कोण जाणे. आमच्या डॉक्टरांनी तरी बघितली नाही. मानेचे व्यायाम, गरम पाण्याची पिशवी, आणि दहा दिवस फिजिओ.

फिजिओथेरपिस्ट बाई कोपऱ्यावरच्याच, हसऱ्या, भाचीहून वयाने थोड्या मोठ्या. भाचीला टेबलावर पालथं घातलं, तोंड भोकातून खाली. मी शेजारी स्टुलावर. बाईंनी खांद्यावरची गाठ चाचपली आणि तिच्यावर कोपर रोवलं. मी विचारलं, "अंगठ्याने नाही दाबत?"

"अंगठा गेला हो, दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आमच्यात सगळ्यांचाच जातो. आता कोपरावर चाललंय." आणि त्या कमरेतून आणखी वाकल्या, मान एका बाजूला करून.

खालून, भोकातून, भाचीचा आवाज आला. "मॅडम, टेबल जरा वर घ्या ना. तुमची कंबर जाईल."

"नाही घेत," बाई कोपराचा जोर वाढवत म्हणाल्या. "पेशंटना चढायला अवघड पडतं."